बंदुकीच्या नळीची झळाळी : किती घासावे, कोठे थांबावे

मराठवाड्यात 'बोअर' हा शब्द उच्चारला की कोणाच्याही डोळ्यांसमोर प्रथम विंधनविहीर उभी राहते. जालना जिल्ह्यात तर निश्चितच. मात्र भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर या भागांतील काही शेतकरी कुटुंबांत 'बारा बोअर' म्हटले की कपाटात कुलूपबंद असलेली परवान्याची बंदूक समजली जाते. मका, हरभरा, भुईमुगाची राखण करताना रानडुकरे आणि रोह्यांचे कळप हुसकावण्यासाठी आजोबांनी किंवा वडिलांनी घेतलेली ही बंदूक पुढे वारसाहक्काने नव्या परवान्यावर येते. परवानाधारक नोकरीनिमित्त शहरात राहतो, शेती गावी असते आणि बंदूक वर्षातील बहुतेक दिवस पडून असते. मग एखाद्या दिवशी ती उघडून उजेडाकडे धरली असता नळीत आरशासारखी चकाकी दिसण्याऐवजी तपकिरी डाग आणि काळे ठिपके दिसतात. घरात पॉलिश पेपर असतो, ड्रिल मशीन असते, ट्रॅक्टरच्या गॅरेजमधील घासण्याची पेस्ट सहज मिळते. नळी आतून घासून लखलखीत करण्याचा मोह येथेच होतो.

हा मोह आवरण्यासारखा आहे. नळी साफ करणे आणि नळी घासून पॉलिश करणे या दोन क्रिया वरवर सारख्या वाटल्या, तरी त्यांत मूलभूत भेद आहे. साफसफाईत नळीवर बाहेरून आलेला मळ निघतो, तर पॉलिशमध्ये नळीचे स्वतःचे पोलाद निघते. पहिले काम मालकाने घरी करायचे असते, किंबहुना त्यानेच करायला हवे. दुसरे घरी करण्याजोगे नाही, कारण निघालेले पोलाद परत बसवता येत नाही आणि ते किती निघाले हे डोळ्यांना दिसत नाही.

बारा बोअर म्हणजे काय?

बारा हा आकडा इंच किंवा मिलिमीटरमधील नाही. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आतील व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. याच हिशेबाने वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद असते, ही गोष्ट नवख्यांना नेहमी उलटी वाटते. रायफलच्या नळीत पिळाचे आटे असतात. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते, म्हणून कायद्याच्या भाषेत तिला 'स्मूथ बोअर' म्हणतात.

तरीही ही नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी नसते. मागे काडतूस बसते ते चेंबर थोडे रुंद असते. त्यापुढे शंकूसारखा निमुळता भाग येतो, त्यानंतर लांबलचक सरळ नळी आणि शेवटी तोंडाजवळ पुन्हा किंचित अरुंद केलेला भाग, ज्याला चोक म्हणतात. छर्रे किती पसरतील हे बहुतांशी चोक ठरवतो. पूर्ण चोक असला तरी तो नळीपेक्षा जेमतेम एक मिलिमीटरने अरुंद असतो, अर्ध्या चोकमध्ये तर अर्ध्या मिलिमीटरचाच फरक असतो. बंदूक छर्रे कसे टाकते हे इतक्या बारीक फरकावर अवलंबून असल्याने तोंडाकडून पॉलिश पेपर गुंडाळलेली काठी फिरवणारा मनुष्य नकळत हाच भाग सर्वांत आधी खातो.

गोळीबाराच्या क्षणी काडतुसातील वायूंचा दाब किती असतो, याची कल्पना सामान्यतः नसते. बारा बोअरच्या प्रमाणित काडतुसासाठी आंतरराष्ट्रीय मानकानुसार ७४० बार ही कमाल सरासरी दाबाची मर्यादा आहे. मोटारीच्या टायरमधील हवा साधारण दोन बारच्या आसपास असते. हा दाब चेंबर व त्यापुढील काही इंचांत शिगेला पोहोचतो आणि पुढे झपाट्याने उतरतो. त्यामुळे नळीची भिंत मागे जाड आणि पुढे पातळ ठेवलेली असते. बंदूक खांद्याला लावणाऱ्याचा दुसरा हात नळीखालीच असतो, हे येथे लक्षात घ्यावे.

असईची आठवण

गुळगुळीत नळी आणि तिच्यात साचणारा मळ हे नाते या जिल्ह्याला नवे नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे आर्थर वेलस्लीच्या फौजेची शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी लढाई झाली, ते असई गाव आज जालना जिल्ह्यात आहे. कंपनीच्या शिपायांच्या हाती त्या काळी ठासणीच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. त्यांची नळी सुमारे पाऊण इंच व्यासाची, तर गोळी त्याहून बरीच लहान, सुमारे ०.६९ इंचाची असे. हा फरक मुद्दाम ठेवलेला होता. काळ्या दारूचे काही बार झाले की नळीत इतकी राख जमे की नेमक्या मापाची गोळी गजाने ठासून आत उतरवणे कठीण होई. नेमबाजीतील अचूकतेवर पाणी सोडून भरण्याचा वेग राखण्यासाठी केलेली ही तडजोड होती.

ठासणीची बंदूक आजही इतिहासजमा झालेली नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची तरतूद त्याच कलमात आहे आणि पीक राखण्यास ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास त्यासाठीही अशी बंदूक मंजूर होऊ शकते. अर्थात हा परवाना शस्त्राचा असतो, शिकारीचा नव्हे. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कक्षेत येतात. उभ्या पिकाचे नुकसान होत असले तरी त्यांना मारण्यासाठी वन खात्याच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. काळविटाच्या बाबतीत तर कायदा अधिकच कडक आहे.

मळ कशाचा असतो?

नळीतील डाग एकाच प्रकारचे नसतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. जळलेल्या दारूची काजळी सर्वांत वरवरची. ती चिंधी आणि साध्या द्रावकाने निघते. प्लॅस्टिकच्या वॅडचे ओरखडे राखाडी, मेणचट पट्ट्यांसारखे दिसतात. शिसे चेंबरच्या पुढच्या भागात आणि चोकपाशी चिकटते. उजेडात ते मंद चमकते. त्यानंतर येतो तो पृष्ठभागावरचा तांबूस गंज. सर्वांत शेवटी पिटिंग, म्हणजे गंजाने पोलादात पाडलेले खड्डे. पहिले तीन प्रकार मळ आहेत. खड्डा हा मळ नव्हे. तेथे काढण्याजोगे काही उरलेलेच नसते, उलट काहीतरी निघून गेलेले असते.

जुन्या काडतुसांच्या बाबतीत आणखी एक बाब आहे. पूर्वीच्या अनेक टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा जो क्षार नळीत उरतो तो मिठाप्रमाणे हवेतील पाणी ओढून घेतो. तेल या क्षाराला विरघळवू शकत नाही, पाणीच ते काम करते. त्यामुळे बार झाल्यावर लगेच भरपूर तेल लावूनही काही जुन्या बंदुका आतून कुरतडल्या गेल्या. तेलाखाली मीठ झाकून ठेवल्यासारखाच तो प्रकार होता. ठासणीच्या बंदुकीतील काळ्या दारूची राखही अशीच ओलावा धरते. म्हणून तिची नळी बार केल्याच्या दिवशीच, केप बसते त्या छिद्रातून स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत गरम पाण्याने धुण्याची रीत आहे. गरम पाण्याचा दुसरा फायदा असा, की नळी तापते आणि लवकर कोरडी होते. पाणी लागले की बंदूक खराब होते ही समजूत येथे अपुरी पडते; पाणी आत राहिले तर ती खराब होते.

घरी करावयाची सफाई

सर्वप्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री, तीही दोनदा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. दुनळी असल्यास नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात. गज लाकडी किंवा पितळी असावा. उघडा लोखंडी गज नळीच्या तोंडाला घासून तेथील कड झिजवतो. गज चेंबरच्या बाजूने घालून तोंडाकडे न्यावा, म्हणजे सुटलेला मळ मागच्या यंत्रणेत न जाता बाहेर पडतो. आधी द्रावकात भिजवलेली सुती चिंधी फिरवावी, काही मिनिटे थांबावे, मग फॉस्फर ब्राँझचा ब्रश दहाबारा वेळा आरपार न्यावा. नळीत अर्ध्यावर ब्रशची दिशा उलटवू नये, तारा वाकतात. त्यानंतर कोरड्या चिंध्या, त्या स्वच्छ बाहेर येईपर्यंत. शेवटी पातळ तेलाचा हात. शिसे हट्टी असेल तर ब्रशभोवती अत्यंत बारीक, चार शून्य दर्जाची पोलादी लोकर तेलात बुडवून गुंडाळण्याची पद्धत मान्यताप्राप्त आहे. तीही हातानेच वापरावी आणि मोजक्या फेऱ्यांपुरती. घरगुती सफाईची सीमा येथे संपते.

तेलाच्या निवडीत घराघरांत गफलत होते. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते. जालन्यातील हिवाळ्याच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली उतरतो. करडईचे तेल मराठवाड्यात घरोघरी परिचयाचे, पण ते हवेत हळूहळू सुकून चिकट पापुद्रा धरते. याच गुणामुळे ते रंगउद्योगात वापरले जाते. बंदुकीच्या नळीला हा गुण मुळीच नको. रॉकेल मळ सोडवते, मात्र ते उडून गेल्यावर धातू उघडा पडतो. म्हणून त्यानंतर तेल हवेच. शिलाई यंत्राचे पातळ खनिज तेल या सर्वांपेक्षा बरे. ते थोडेच लावावे आणि बंदूक वापरण्यापूर्वी नळी व चेंबर कोरडे पुसून घ्यावे. चेंबर तेलकट असेल तर काडतुसाचे आवरण भिंतीला धरून राहत नाही आणि बाराचा धक्का मागच्या यंत्रणेवर अधिक येतो.

सफाईनंतर नळीचे परीक्षण करावे. रिकाम्या नळ्या यंत्रणेपासून वेगळ्या काढून खिडकीच्या चौकटीच्या कडेकडे रोखाव्यात आणि आतून पाहत सावकाश फिरवाव्यात. आतील प्रकाशाची वर्तुळे अखंड दिसली तर नळी सरळ व निर्दोष. एखादे वर्तुळ तुटले किंवा चौकटीच्या सावलीची रेषा मध्येच वाकली, तर तेथे पोचा किंवा फुगवटा आहे. ब्रश आणि चिंधीनंतरही जागचा न हललेला काळा ठिपका म्हणजे खड्डा.

खड्ड्याचा हिशेब

या ठिपक्यांपाशीच पॉलिशचा प्रश्न खरा सुरू होतो. समजा, एका ठिकाणी गंजाने ०.१ मिलिमीटर खोलीचा खड्डा पाडला आहे. कागदाच्या जाडीइतकी ही गोष्ट. मात्र तो खड्डा 'घालवण्या'साठी त्याच्या भोवतालची सर्व भिंत त्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. भिंत चहूबाजूंनी ०.१ मिलिमीटरने झिजली म्हणजे व्यास ०.२ मिलिमीटरने वाढला. आता दुसरी बाजू पाहू. इंग्लंडमध्ये बंदुकांच्या नळ्यांची जास्त दाबाच्या काडतुसाने चाचणी घेऊन त्यावर शिक्का उठवण्याची पद्धत शतकानुशतके चालत आली आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ पासूनचे. त्यांच्या परंपरागत नियमानुसार मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजलेला नळीचा व्यास शिक्क्यावरील मापापेक्षा ०.०१० इंचाने, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटरने वाढला की ती चाचणी रद्द समजली जाते. याचा अर्थ एका कागदाइतका खड्डा बुजवण्यात जवळजवळ सगळी मुभा खर्ची पडते.

भिंतीची जाडी हा त्याहून महत्त्वाचा हिशेब. नळीच्या पुढच्या भागात अर्ध्या मिलिमीटरच्या, म्हणजे ०.०२० इंचाच्या खाली भिंत जाऊ नये, असा जाणत्या कारागिरांचा दंडक आहे. अनेक जुन्या बंदुकांच्या नळ्या मुळातच हलक्या, त्यात मागच्या पिढीत कोणी एकदा घासून घेतलेल्या. अशा नळीत आणखी पॉलिश केल्यावर ती दिसते मात्र नव्याहून नवी. बाजारात जुन्या बंदुकीची लखलखीत नळी पाहून भुलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे. काही खड्डे असलेली पण जाड नळी कित्येकदा आरशासारख्या पातळ नळीपेक्षा सुरक्षित असते.

ड्रिल मशीनने हे काम अधिकच बिघडते. काठीला पेपर गुंडाळून ती फिरवली की ती मध्यभागी राहत नाही. एका बाजूला जास्त घासते, जेथे क्षणभर थांबते तेथे कंकणासारखी खाच पडते. इंजिनाच्या सिलिंडरचे होनिंग करणारा कारागीर कितीही वाकबगार असला तरी सिलिंडरची जाड भिंत आणि बंदुकीची पातळ, निमुळती भिंत यांचे गणित वेगळे. शिवाय काही आधुनिक बंदुकांच्या नळीला आतून क्रोमचा थर असतो. तो मुळात गंज रोखण्यासाठीच असल्याने घासणे तेथे उघड नुकसान करणारे ठरते. जुन्या गढ्यांतून क्वचित आढळणाऱ्या, लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नक्षीदार नळ्यांना तर हातच लावू नये. त्या काळ्या दारूच्या काळातील आहेत. आजचे काडतूस त्यांत भरणे हाच धोका आहे.

जाणकार बंदूककार पॉलिश करतो तेव्हा तो आधी मापतो. आतील व्यासाचे मापक आणि भिंतीच्या जाडीचे मापक ही दोन साधने नसलेल्याने नळीला हात लावू नये. जुन्या पद्धतीत नळीतच शिशाचा गोळा ओतून, त्यावर तेल व एमरीचे चूर्ण घेऊन तो हाताने मागेपुढे चालवत. काम सावकाश होई आणि दर काही फेऱ्यांनी माप घेतले जाई. अनेकदा त्याचा निर्णय 'काहीच करू नये' असाही असतो. खोल नसलेला, पुढे न वाढणारा खड्डा स्वच्छ व कोरडा ठेवला तर बंदूक वर्षानुवर्षे चालते. चेंबरजवळचा खोल खड्डा मात्र नळी बाद ठरवण्यास पुरेसा असतो.

कायद्याची बाजू

शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती आणि चाचणी व्यवसाय म्हणून करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे औद्योगिक वसाहतीतील ओळखीच्या लेथवाल्याकडे नळी नेणे दोघांनाही अडचणीत आणणारे आहे. परवाना नसलेल्याच्या हाती शस्त्र सोपवणे हाच मुळात गुन्हा ठरू शकतो. कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करण्यास बंदी आहे. तोंडाकडचा गंजलेला भाग 'थोडा कापून टाकू' हा सल्ला म्हणूनच ऐकू नये. बाहेरून घासतानाही सावध राहावे लागते. कलम ८ बंदुकीवरील नाव, क्रमांक व ओळखीच्या खुणा पुसण्यास मनाई करते आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक वाचता आला नाही तर प्रश्न मालकालाच विचारला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली आणि एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली.

नवी नळी हवीच असेल तर अधिकृत विक्रेत्यामार्फत निर्मात्याकडे जाणे हा सरळ मार्ग. पश्चिम बंगालमधील ईशापूरची रायफल फॅक्टरी आणि बिहारमधील मुंगेरचे परवानाधारक कारखानदार यांच्या बारा बोअरच्या बंदुका देशभर आढळतात. काडतुसे तर महाराष्ट्रातच, १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाल्यानंतर खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे, तर ईशापूर अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे गेला.

निवडणुकीचा मुक्काम

मराठवाड्यातील हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते, तरीही नळ्या गंजतात. याचे एक कारण बंदुकीच्या मुक्कामात आहे. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ मध्ये असे दोन प्रसंग आले. लोकसभा निवडणूक १६ मार्च रोजी जाहीर झाली, जालन्यात १३ मे रोजी मतदान झाले आणि ४ जूनला निकाल लागला. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर होऊन २० नोव्हेंबरला मतदान झाले. लोकसभेनंतर शस्त्र परत मिळेपर्यंत पाऊस तोंडावर आलेला असतो. जमा केलेल्या बंदुकीची देखभाल मालकाला करता येत नाही. म्हणून जमा करण्यापूर्वीच नळी साफ करून आत नेहमीपेक्षा थोडे अधिक तेल ठेवावे, बंदूक चामड्याच्या किंवा जाड कापडी म्यानात न देता तेलाच्या फडक्यात गुंडाळून द्यावी. म्यान ओलावा शोषते आणि धरून ठेवते. पावतीवर क्रमांक बरोबर लिहिला आहे हेही तेथेच पाहावे.

परत आल्यावर पहिल्या दिवशी काडतूस भरू नये. नळी काढून उजेडाकडे धरावी. एखादी चिंधी आत राहिलेली असू शकते आणि बंद खोल्यांतील कोणत्याही भोकात मातीचे घर करणारी कुंभारीण माशी नळीही सोडत नाही. काळ्या मातीचा एवढासा बोळा वाटेत असला तरी बार होताच नळी तेथे फुगते किंवा फाटते, मग ती आतून कितीही चकचकीत असो. गज आरपार फिरवून, तेल पुसून, वर्तुळे अखंड दिसल्यावरच बंदूक जोडावी. काळे ठिपके आधीपेक्षा वाढलेले दिसले तर बंदूक तशीच बाजूला ठेवून परवानाधारक कारागिराकडे मापण्यासाठी न्यावी.